निरीक्षक क्रमांक चार

प्रिय बाबा,

पाकीट बघून आईला आधी टेन्शन येईल. तिला सांगा, मी ठीक आहे, वेळेवर जेवतेय आणि चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. फोन सोडून पत्र का, ते शेवटी सांगते. माझं मराठी लिहिणं तुम्हाला माहितीये. शाळेत मराठीत काठावर पास झाले की तुम्ही म्हणायचात, पास झाली ना, बास. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय. इंग्रजीत अर्ध्या तासात झालं असतं. पण इंग्रजीत मी तुमच्यासाठी एकदा लिहिलंय, तेवढं पुरे.

बसस्टॉपवरचा आपला खेळ आठवतो? मी दुसरी-तिसरीत असेन. तुम्ही म्हणायचात, ढापणे, डोळे मीट. आता सांग, समोरच्या दुकानाचं शटर किती उघडं आहे, त्या बाईच्या कुठल्या हातात छत्री आहे, आणि आपल्या मागे कोण उभंय. मी बिनधास्त ठोकून द्यायचे. तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, नुसतं टक लावलं म्हणजे बघितलं असं नसतं गं. गोडाऊनच्या कंट्रोल रूममध्ये एकोणीस वर्षं सोळा स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाचा तो रुबाब होता. मी आज जे काही शिकतेय, ते त्या बसस्टॉपवर सुरू झालं. हे तुम्हाला कधीतरी चांगल्या मूडमध्ये सांगायचं होतं, पण आता चांगला मूड कुठून आणू.

त्या दुपारी मुकादम गेले. आपण घरात ते दोन शब्द टाळतो, म्हणून आज सरळ लिहिते. हमालांच्या टोळीचे मुकादम, रोज चारला तुमच्याबरोबर चहा घेणारे, तुम्हाला टीव्हीवाले म्हणून चिडवणारे. नऊ नंबरच्या स्क्रीनवर, रॅकच्या मधल्या गल्लीत, खोक्यांना टेकून बसल्या बसल्या त्यांना हार्ट अटॅक आला. बावीस मिनिटं ते तिथेच होते. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर वाचले असते. तुम्ही घरी येऊन एकच सांगत होतात, मी जागा होतो, मी बघत होतो, मला दिसलं नाही. आई म्हणाली, अहो, जाग्या माणसाला समोर मरणारा माणूस दिसत नाही होय? आणि मी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, घरातली शहाणी, म्हणाले, बाबा, लॉजिकली शक्यच नाही, तुम्हाला डुलकी लागली असणार. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, असेल मग. तू म्हणतेस तर असेल.

दोन दिवसांनी साहेबांनी तुम्हाला बोलावून सांगितलं, डुलकी लागली असं लिहून द्या, माणूस आहे, होतं असं, आम्ही सांभाळून घेऊ. हेड ऑफिसला पाठवायचं म्हणून इंग्रजीत हवं होतं. इतक्या वर्षांच्या माझ्या इंग्लिश मीडियमचा घराला पहिला उपयोग तो. मी दोन पानं लिहिली. अक्षम्य निष्काळजीपणा, मनापासून पश्चात्ताप, असले भारी शब्द इंग्रजीत शोधून शोधून घातले. तुम्ही म्हणालात, काय लिहिलंयस ते सांग तरी. मी म्हणाले, काही नाही हो, इथे फक्त सही करा. आणि जागेवर बोट ठेवलं. आठवड्याभरात तुम्हाला काढलं. काढल्याच्या पत्रात कारण म्हणून माझंच वाक्य जसंच्या तसं टाकलं होतं. ते वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? वाक्य मस्त जमलंय, असं आलं.

तेव्हापासून तुम्ही टीव्हीकडे पाठ करून बसता. मुकादमांच्या घरी तीनदा गेलात, काकूंनी दार उघडलं नाही. आता पार्किंगच्या गेटवर पावत्या फाडता, आणि गाडी आली की तुम्ही उभे असलात तरी तिथली मंडळी म्हणतात, काका, उठा. मी सुट्टीत आले होते तेव्हा हे ऐकलं. तुम्ही त्यांच्याबरोबर हसलात, त्यामुळे मलाही हसावं लागलं.

मग ही पीएचडी. माणूस व्हिडिओ बघताना नक्की काय बघतो, आणि डोळ्यांसमोर असून काय निसटतं, असा विषय. चार वर्षं पूर्ण स्टायपेंड. जाहिरात वाचली आणि मी खोलीत अक्षरशः उड्या मारल्या. इंटरव्ह्यूत मॅडमनी, म्हणजे माझ्या आताच्या गाइडनी, विचारलं, हाच विषय का? बसस्टॉपचा खेळ सांगायचा असं मी ठरवून गेले होते. ऐनवेळी वाटलं, हे फारच बाळबोध होईल. म्हणून म्हणाले, माझे वडील एकोणीस वर्षं स्क्रीन बघत होते, एक दिवस त्यांना झोप लागली आणि एक माणूस गेला, मला असं काहीतरी बनवायचंय जे झोपत नाही. एका सरांनी पेन खाली ठेवलं. मला तेव्हाच कळलं, सीट माझी. आईने तुम्हाला सांगितलं, पोरीने स्वतःच्या हुशारीवर मिळवली. तुम्ही मला मेसेज केलात, अभिनंदन. बाबा, मी तुमची झोप विकून ती मिळवली. तुम्हाला लागलीच नव्हती ती झोप.

कारण आता पुढचं ऐका. स्टायपेंडचा अर्धा भार एक कंपनी उचलते. कुठली, ते जॉइन झाल्यावर कळलं. तुमचीच. मी घरी बोलले नाही. वाटलं, उगाच कशाला, चार वर्षांचा तर प्रश्न आहे. कंपनीने आमच्या लॅबला रेकॉर्डिंग दिलीत, आणि ती गोडाऊनची नाहीत फक्त. तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, पण शेवटचे आठ महिने तुमच्या स्क्रीनच्या खाली शर्टाच्या बटणाएवढे कॅमेरे बसवले होते. तुम्ही सोळा स्क्रीन बघत होतात आणि ते तुम्हाला. बघणाऱ्यांची नजर कुठे जाते ते तपासायला. आमच्याकडे येताना चेहरे झाकलेत, फक्त डोळ्यांची पट्टी दिसते. सात जण आहेत, नावं नाहीत, नुसते नंबर. माझं काम म्हणजे कुणाची नजर कुठल्या सेकंदाला कुठल्या स्क्रीनवर होती ते टिपायचं. दुसऱ्याच आठवड्यात निरीक्षक क्रमांक चार उघडला, तर डाव्या भुवईत खाच. मी सहा वर्षांची असताना डब्याचं झाकण भिरकावलं होतं, ती. मी तो व्हिडिओ बंद केला आणि दिवसभर दुसऱ्यांचे डोळे मोजत बसले.

ती तारीख उघडायला मला महिना लागला. सकाळी अकरा वाजता, लॅबमध्ये, शेजारी दोघं जण क्रिकेटवर वाद घालत असताना उघडली. मी तुमच्या पापण्या मिटायची वाट बघत होते. खरं सांगते, त्या मिटाव्यात असं मला वाटत होतं, म्हणजे मी बरोबर ठरले असते. त्या मिटल्या नाहीत. पूर्ण बावीस मिनिटं तुमचे डोळे उघडे आहेत आणि सतत फिरतायत. नऊ नंबरवर तुमची नजर चौदा वेळा गेली. एकदा तर थेट मुकादमांवर चार सेकंद थांबली. मग मी शेजारी नऊ नंबरचंच रेकॉर्डिंग लावलं. बाबा, मुकादम पडत नाहीत. ते हळूहळू खाली बसतात, रोज बसायचे तसे, त्याच खोक्यांना टेकून, पाय लांब करून. मान जराशी कलते. एवढंच. तेव्हा तीन नंबरवर ट्रक रिव्हर्स घेतोय आणि बारा नंबरवर दोघांची जुंपलीय. डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे धावतो, आणि रोजच्या गोष्टीला, हे माहितीये, म्हणून सोडून देतो. आम्हाला हे पहिल्याच महिन्यात शिकवतात. तुम्ही मुकादमांना चौदा वेळा बघितलंत, आणि चौदाही वेळा तुम्हाला हेच दिसलं की आपला माणूस बसलाय, चारला चहाला येईल.

मी ते रेकॉर्डिंग काही न सांगता लॅबमधल्या अकरा जणांना दाखवलं, सोळा स्क्रीन एकत्र लावून. नऊ जणांना मुकादम दिसलेच नाहीत. सगळे तरुण, सगळे हुशार, आणि कॉफी पिऊन बसलेले. एकाला तर भांडणाऱ्यांच्या शर्टाचे रंग पाठ होते. आणि अजून एक. तुमची ती फाइल माझ्याआधी फक्त एकदा, कंपनीतूनच, उघडली गेलीय, तशी नोंद असते. तारीख, साहेबांनी तुम्हाला डुलकीचं लिहून द्या म्हणून सांगितलं त्याच्या आदल्या दिवशीची. झोपलेला माणूस त्यांना परवडणारा होता. जागा माणूस म्हणजे सोळा स्क्रीनला एकच माणूस का ठेवला, हा प्रश्न आला असता. त्यांना एक कागद हवा होता, आणि तो लिहायला तुमच्या घरात एक हुशार मुलगी होती.

मी लगेच धावत तुमच्याकडे आले, असं लिहायला मला आवडलं असतं. मी ग्राफ काढला. मॅडम म्हणाल्या, किती सुंदर केस आहे ही, आपला पहिला पेपर यावरच. इंटरव्ह्यूत मी सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. तेव्हा म्हणायचं होतं, क्रमांक चार माझे वडील आहेत. मी थँक्यू म्हणाले. तीन आठवडे त्या ग्राफचे रंग ठरवत होते. जागा असून दिसलं नाही, हे झोपेपेक्षा बरं की जास्त वाईट, ते मला अजून कळत नाही. तुम्हाला हे कळल्यावर त्या चार सेकंदांचं तुम्ही काय कराल, याचीही भीती वाटते. पण तुमच्याबद्दलची गोष्ट तुम्ही सोडून बाकी सगळ्यांना माहीत असावी, आणि त्यात मीही असावी, हे आता मला सहन होत नाही.

पत्राचं कारण हे. तुम्हाला कंपनीकडून एक लांब पाकीट येईल, तीन पानं, सगळं इंग्रजीत. आमचा पेपर छापायचा तर तुमच्या डोळ्यांचं रेकॉर्डिंग संशोधनाला वापरायला तुमची परवानगी हवी, असा तो फॉर्म आहे. आई म्हणेल, पोरीला फोन लावा, ती सांगेल सही कुठे करायची. लावू नका. सही केलीत तर माझी पीएचडी सुखात होईल, आणि तुम्ही जन्मभर क्रमांक चार म्हणून कंपनीच्या कुलपात राहाल. नाही म्हणालात तर महिनाअखेर रेकॉर्डिंग पुसून टाकतील, आणि तुम्ही जागे होतात याचा एकमेव पुरावा जाईल. पण तिसऱ्या पानावर, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात लिहिलंय की सही करण्याआधी स्वतःचं रेकॉर्डिंग बघायचा आणि त्याची कॉपी मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्या ओळीपुढे चौकोन आहे. तीनही पानांचं मराठी मी सोबत ठेवलंय, एकेका ओळीचं, आणि माझ्या त्या जुन्या माफीपत्राचंही, म्हणजे मी तुमच्या नावाने काय लिहिलं होतं ते तुम्हाला कळेल. तुम्ही कॉपी मागितलीत की ते विचारतील, तुम्हाला कुणी सांगितलं. बाहेर काही बोलणार नाही असं मी लिहून दिलंय, त्यामुळे माझी सीट जाईल. जाऊ दे. खोटं बोलू नका, मुलीने सांगितलं म्हणा. आणि हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं की नको, मुकादमांकडे परत बघायचं नाही, तर फॉर्म फाडून टाका, मी एका शब्दाने विचारणार नाही. फक्त यावेळी कुणी म्हटलं म्हणून सही करू नका. मी शेजारी बोट ठेवायला नाहीये. चष्मा लावा, दिवा लावा आणि आधी स्वतः वाचा.

तुमचीच,
ढापणी