मुंगीला कुठल्या दाराने न्यायचं

प्रिय ताई,

तू पाठवलेलं पाकीट परवा मिळालं. शाळेचा फॉर्म, मुंगीसाठी घेतलेल्या छोट्या पलंगाचा फोटो आणि तुझ्या पंधरा तारखेच्या तिकिटाची प्रत. मी सही कुठे करायची ते चुकू नये म्हणून फॉर्मवर तू पेन्सिलीने फुल्यासुद्धा मारून ठेवल्या आहेस. ताई, फॉर्म अजून कोरा आहे आणि तो कोराच राहणार. मुंगीला मी तुझ्याकडे पाठवत नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू रागाने का होईना, पण नीट वाचशील. फोनवर बोलायला गेलो असतो तर तू मला दोन मिनिटांत गप्प केलं असतंस. छत्तीस वर्षांचा अनुभव आहे मला त्याचा. म्हणून पत्र.

मुंगी साडेचार वर्षांची झाली, तिची आई जाऊन सव्वा वर्ष झालं. त्या दिवसापासून तू म्हणते आहेस की एवढ्याशा मुलीला एकट्या पुरुषाने वाढवणं सोपं नाही. सोपं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. पण वेण्या मला येतात. भांग जरा डावीकडे सरकतो, बाईंनी शाळेत एकदा विचारलं की हिची मान दुखते का, पण वेणी संध्याकाळपर्यंत सुटत नाही. वरणभाताला ती नाक मुरडत नाही. ताप आला तर कुठलं औषध किती द्यायचं ते फ्रिजवर चिकटवलंय. या सगळ्याने माझ्या नाकी नऊ आले नाहीत. आणले ते एकाच गोष्टीने, आणि ती मी तुला आजवर धड सांगितली नाही, कारण सांगायची लाज वाटायची. बाजारात गेलो आणि मुंगीला शू लागली, की तिला न्यायचं कुठे?

तू हसशील. तुझी दोन्ही मुलं तू वाढवलीस, तुला यात काय एवढं, असं वाटेल. पण मुलं काही आधी वर्दी देत नाहीत. घरातून निघताना तीनदा विचारलं तरी नाही म्हणतात आणि दुकानात बुटाचं माप घेताना, एक पाय पट्टीवर असताना, त्यांना लागते. मग हातात तीन मिनिटं असतात. तिच्या आईला या गावातली सगळी दारं ठाऊक होती. कुठल्या कापडाच्या दुकानात मागे सोय आहे, कुठे मालकीण बसते, कुठे कडी मोडकी आहे. ते मला सांगायची तिच्यावर कधी वेळच आली नाही, मी आपला पिशव्या धरून फुटपाथवर उभा असायचो. ती गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ज्या बाजारात मी पंधरा वर्षं वजनकाटे दुरुस्त करत हिंडतोय, तो मला निम्मासुद्धा माहीत नाही.

सुरुवातीला मी तिला पुरुषांच्या बाजूला न्यायचो. आत भिंतीकडे तोंड करून माणसं उभी. मी माझी टोपी तिच्या डोळ्यांवर ओढायचो आणि तिला काखोटीला मारून शेवटच्या खोलीकडे धावायचो. एकदा तिचं डोकं दारावर आपटलं. एकदा तिने टोपीखालून पाहिलं आणि मोठ्या आवाजात मला असे प्रश्न विचारले की आतल्या चार गृहस्थांनी घाईघाईने आवरतं घेतलं. पण हसण्यावारी न्यायचं तरी किती? ती जमीन ओली, तो वास, आणि ती माझ्या गळ्याला मिठी मारून म्हणायची की माझे पाय खाली नको टेकवूस. मग मी बायकांच्या दाराशी उभा राहून आत जाणाऱ्या एखादीला विनवायला लागलो की हिला जरा नेता का. काही जणी न्यायच्या, अगदी हात धुऊन, फ्रॉक नीट करून परत आणायच्या. काही जणी माझ्याकडे असं बघायच्या की मीच मान खाली घालायचो.

तुला आठवतं का, आई दुकानात खरेदी करायची आणि मला लागली की तू मला मनगटाला धरून बायकांच्या बाजूला ओढत न्यायचीस. सहा वर्षांचा होईपर्यंत नेलंस. कुणी हू की चू केलं नाही. बाईने मुलाला नेलं तर ती आई किंवा बहीण. बापाने मुलीला नेलं तर तो कोण? या प्रश्नाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, आणि आता मी त्याची वाटही बघत नाही.

त्यात भर आपल्या अण्णांच्या शिकवणीची. काटा दुरुस्त करायला गेलास की गिऱ्हाइकाकडे पेलाभर चहासुद्धा घ्यायचा नाही, उपकार झाला की काटा त्याच्या बाजूने झुकतो, हे त्यांनी मला पोपटासारखं पाठ करून घेतलं. त्यामुळे ओळखीच्या दुकानांत जाऊन हिला शू लागलीय असं म्हणायला माझी जीभच उचलायची नाही. त्यापेक्षा मी एकदा तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बसायला खुर्च्या, कोपऱ्यात स्वच्छ बाथरूम. फुकट वापरायची भीड वाटली म्हणून आधी नंबर घेतला. मुंगीचं काम झालं, आणि आम्ही निघणार तोच माझं नाव पुकारलं. आता काय करतोस? गेलो आणि खुर्चीत जाऊन आ वासला. खालची दाढ किडलेली निघाली. ती काढावी लागली, आणि मुंगी घरी येईपर्यंत सांगत होती की शू मला लागली आणि दात बाबाचा पडला.

आता त्या शनिवारबद्दल. चौकातलं ते चार मजली दुकान तुला माहीत आहे, मागच्या खेपेला तू तिथूनच चादरी घेतल्यास. शाळेचे मोजे घ्यायला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर मुंगीने माझा शर्ट ओढला. पुरुषांच्या दारावर दुरुस्तीची पाटी आणि आडवी लावलेली बादली. बायकांच्या दाराशी स्टुलावर एक बाई बसलेली. तिला म्हटलं, हिला आत नेता का, तर तिला जागा सोडता येत नव्हती. एक काकू तयार झाल्या, चांगल्या होत्या, पण मुंगी त्यांच्याबरोबर जाईना. अनोळखी माणसाचा हात धरायचा नाही हे तिला मीच घोकवलंय. ती माझ्या पायाला चिकटली आणि पाय आवळून उड्या मारायला लागली. तेव्हा मी स्टुलावरच्या बाईला म्हटलं, मी आत जातोय, हवं तर तुम्ही ओरडून सांगा. आणि गेलो. मान खाली, एक हात डोळ्यांवर आड धरून, तोंडाने लहान मुलगी आहे, लहान मुलगी आहे असं म्हणत.

पाच पावलं गेलो असेन. कुणीतरी किंचाळलं. दोन रखवालदारांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. बघता बघता माणसं जमली, फोन वर झाले. मुलगी तुमचीच कशावरून, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने मुंगीसमोर गुडघे टेकून तिला विचारलं की बाळ, तुझी आई कुठे आहे. ती त्या सगळ्यांच्या मध्ये उभी होती आणि तिचे मोजे ओले होत होते. गर्दीतल्या एका आजोबांनी अगदी हळहळून विचारलं, घरात कुणी बाईमाणूस नाही का हो? ते वाईट बोलले नाहीत. पण तेच मला सगळ्यांत जास्त लागलं. मी तिचा बापच आहे हे पटल्यावर मला सोडलं, चहा विचारला, मी तिला उचललं आणि लिफ्ट सोडून जिन्याने निघालो. जिन्यावर काय झालं ते तुला माहीतच आहे.

सोमवारी मी त्या दुकानाच्या मॅनेजरकडे गेलो. त्यांच्या किराणा विभागातले अकरा काटे माझ्याकडे असतात, त्यामुळे बसायला खुर्ची मिळाली. तळमजल्यावर नोकरांसाठी संडासाची एकच खोली आहे, आतून कडीची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी म्हटलं, लहान मुलं बरोबर असतील त्यांना तेवढी उघडून द्या, मग आई असो, बाप असो, आजोबा असोत. ते म्हणाले, नियमात बसत नाही, वर विचारावं लागेल. मी म्हटलं, विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तुमच्या काट्यांना मी हात लावत नाही. त्यांनी दोन दिवसांत दुसरा कारागीर आणला. तेव्हा तो डाव काही जमला नाही. पण तिथून बाहेर पडताना मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं, आणि अण्णांची क्षमा मागून मी त्याच दिवशी दुसरी गोष्ट केली. बाजारातल्या माझ्या प्रत्येक दुकानात जाऊन सरळ विचारलं. मला मुलगी आहे, आई नाही, कधीतरी घाईत येईन, दार उघडाल का? दोघांनी काखा वर केल्या. सोळा जणांनी हो म्हटलं. चष्मेवाल्याने तर आतल्या पेट्या हलवून वाट करून दिली, आणि म्हणाला, इतकी वर्षं तुम्ही काही मागितलं नाही म्हणून आम्हाला वाटायचं तुम्ही शिष्ट आहात. ही सोळा दारं मी एका कागदावर उतरवली आणि शाळेबाहेर थांबणाऱ्या पालकांना दिली. तिथे माझ्यासारखे आणखी तीन बाप निघाले, ताई. एक तर आपल्या दाजींसारखा मिशीवाला, धिप्पाड. म्हणाला, मी तर मुलीला घेऊन बाजारात जाणंच सोडलं होतं. चार महिने.

तू म्हणशील, आज शू, उद्या ती मोठी होईल, तेव्हा काय? तेव्हा तुला फोन करीन आणि विचारीन. न लाजता विचारीन, मला आता विचारायची सवय झाली आहे.

पण हे सगळं लिहूनही मुख्य गोष्ट मी अजून टाळतोच आहे. मुंगीला घेऊन जा, असं तू म्हणाली नव्हतीस. मी म्हणालो होतो. त्या जिन्यावर बसून मीच तुला फोन लावला आणि रडत म्हटलं की मला जमत नाही, तू हिला घेऊन जा, हिची शूसुद्धा मला सांभाळता येत नाही. तू बिचारीने पलंग घेतलास, शाळा शोधलीस, आणि आता मी तुलाच नाही म्हणतोय. तर का ते ऐक. मी बोलत होतो तेव्हा मुंगी दोन पायऱ्या खाली बसली होती. तिने सगळं ऐकलं. त्यानंतर दहा दिवस तिने मला बाहेर एकदाही त्रास दिला नाही, आणि मी मूर्ख, मला वाटलं पोरगी शहाणी झाली. अकराव्या दिवशी ताप चढला, पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासून विचारलं, ही पाणी का पीत नाही? शाळेतून विचारलं तर बाई म्हणाल्या, बाटली रोज भरलेलीच परत जाते. रात्रभर मी तिच्या उशाशी बसलो तेव्हा कुठे ती बोलली. म्हणाली, "बाबा, मला आता बाहेर लागतच नाही. मग मी इथेच राहू ना?" ताई, मी शब्द फिरवतोय. शब्द फिरवणारा भाऊ म्हणून काय बोलायचं ते बोल, सगळ्यांना सांग, मी ऐकून घेईन. तिकीट रद्द करू नकोस, ये आणि चार दिवस राहा, पण जाताना एकटी जा. मुंगी आता बरी आहे. तिला मी सांगितलं की तू बाबाला सोडून कुठे जाणार नाहीस, दिवसातून वीस वेळा लागली तरी नाही. तिला ते खरं वाटेना. म्हणून काल संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो. काही घ्यायचं नव्हतं. निघताना पेलाभर पाणी पाजलं, वाटेत सरबत, आणि मग नुसते हिंडत राहिलो. पहिल्यांदा तिने माझ्याकडे न बघता फक्त बोट ओढलं. दुसऱ्यांदा कानात सांगितलं. तिसऱ्या वेळी भर बाजारात, गर्दीच्या मधोमध थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा, लागली." सव्वा वर्षात कुणाचं बोलणं ऐकून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तुझाच,
धाकटा