निळ्या फुल्या

दुलुथ,
मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९

प्रिय लायल,

त्या सोमवारी सकाळी मी आधी पायऱ्यांवरचं बर्फ काढलं. मग राखेची बादली मागच्या अंगणात रिकामी केली, पक्ष्यांना दाणे टाकले, आदल्या दिवशीची वेलची घालून वेणीसारखी वळलेली पावाची लादी तव्यावर गरम केली आणि अर्धीच खाल्ली. दोन चादरी धुतल्या. आर्नीला जाऊन दोन आठवडे झाले होते. मला काम पाहिजे होतं, म्हणून मी त्याच्या टेबलापाशी जाऊन बसले.

पण हे मी मधूनच सुरू केलं. तुझा गुडघा आता कसा आहे? इथे तलाव पार पलीकडपर्यंत गोठलाय. गेल्या आठवड्यात न्हाणीघरातला नळ गोठला, तर शेजारचा टोइवो केस वाळवायचं यंत्र घेऊन दोन तास नळापाशी बसला आणि मग माझ्याकडचं सगळं सूप पिऊन गेला. माझी तब्येत ठीक आहे. झोप येते. वाचनालयात मी आता 'म' अक्षराच्या कपाटापर्यंत आले आहे. नववीत शाळा सोडलेल्या बाईला हे पुष्कळ झालं.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींना मी दोन-दोन ओळींचं उत्तर दिलं, त्याबद्दल रागावू नकोस. तू शनिवारच्या बसने टाक आणि शाई घेऊन येतोयस, टोइवोकडे झोपायची सोयही परस्पर करून टाकलीस. म्हणून आज हे लिहायलाच हवं.

आधी मेळ्याचं सांगते. मागच्या गुरुवारी जोलीन आली होती. तू गेल्यानंतरची आहे ती, चर्चच्या तळघरातला छोट्या चित्रकथा-पुस्तकांचा मेळा आता तीच चालवते. केस हिरवे, बूट बापाचे. येतानाच ओरडत आली, "मिसेस निएमी, खुर्चीवर बसा आधी, मग सांगते!"

मी म्हटलं, "मी बसलेलीच आहे गं."

"मग उठा आणि परत बसा. आर्नीचं पुस्तक निवडलंय! दारासमोरचं टेबल त्याचं!"

तुला ठाऊक आहे, त्या टेबलासाठी त्याने अकरा वर्षं अर्ज केला. अकरा वर्षं आम्हाला जिन्याखालचं अर्धं टेबल मिळालं, उरलेल्या अर्ध्यावर तो बेडकांची चित्रकथा काढणारा वेन. आर्नी म्हणायचा, "बेडकांशेजारी बसलो की आपली माणसं देखणी दिसतात." विकायचा कमी, अदलाबदलच जास्त. समोरच्याने दुमडून पिना मारलेलं आपलं पुस्तक पुढे केलं की हा स्वतःचं द्यायचा, वर एखादं मूळ पानही देऊन टाकायचा. घरी येताना आमची पेटी निघताना होती तेवढीच भरलेली, फक्त आत दुसऱ्यांची पुस्तकं.

निवडलेलं पुस्तक ते दोन रंगांत स्वतः छापतात आणि सोळा गावांतल्या दुकानांत पाठवतात, हे तुला माहीत आहेच. जोलीन म्हणाली, "लायलचं पत्र आलंय आम्हाला. शेवटच्या पानांना शाई तो लावणार म्हणे. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी तुमचे पहिले अंक बघून चित्रं काढायला घेतली. चौदा वर्षांनी दोघं एका पुस्तकात, मिसेस निएमी! मी तर रडलेच."

मी तिला कॉफी दिली. ती म्हणाली, "पानं बघू तरी द्या." मी म्हटलं, "लायल आल्यावर." ती म्हणाली, "बरोबर आहे, आधी त्याचाच मान." मग तिने मला मिठी मारली आणि मी तिला मारू दिली.

लायल, तुमच्या भांडणात मी कधी बोलले नाही. तू मोठ्या चित्रकथा कंपनीकडे गेलास तेव्हा आर्नी तुला दारातून म्हणाला, "जा, दुसऱ्यांच्या उडणाऱ्या माणसांना शाई लाव," आणि तू म्हणालास, "त्यांचे निदान हात तरी सारखे असतात." मी तेव्हा स्वयंपाकघरात हसले होते. वाटलं होतं, रविवारपर्यंत मिटेल. नंतर तुझं काम, त्याच्या पेन्सिलवर शाईने चित्र पक्कं करायचं, त्यानेच करायला घेतलं. शाई त्याला कधीच नीट जमली नाही, तुला ते दिसलं असेल. आणि शाई वाळली की खालची निळी पेन्सिल पुसायचं काम माझं झालं. निळी पुसली नाही तरी चालते, छापताना ती दिसत नाही, हे मलाही माहीत आहे. पण त्याला मूळ पानं वाटायची असत आणि ती स्वच्छ हवी असत. मी पान आधी वाचायची, मग पुसायची. कुठल्या चौकटीनंतर कुठली वाचायची हेसुद्धा मी त्याच्याच पानांवर शिकले. शाई लागण्याआधी तो मला एक रेघ बघू देत नसे.

हे पुस्तक त्याच्या वडिलांचं. खनिज वाहणाऱ्या जहाजावरची त्यांची शेवटची खेप आणि ते घरी येतात ते. चाळीस पानं. ऑक्टोबरच्या शेवटी तो हॉस्पिटलमध्ये गेला, त्या सकाळी त्याने सगळी पानं एका गठ्ठ्यात लावली, वर लाकडी पट्टी ठेवली आणि मला म्हणाला, "माझं काम झालं, हिल्मा. आता पुढच्या हाताकडे."

चौदा वर्षं पुढचा हात माझा होता.

त्या सोमवारी मी टेबलापाशी बसले ती तो गठ्ठा घेऊन. तो जाण्याआधी काम सांगून गेला होता आणि ते माझ्याकडून राहिलं होतं. पण मला ते वाचवेना. त्याचं शेवटचं पुस्तक वाचलं की मग त्याच्याकडून आणखी काही यायचं उरणार नव्हतं. म्हणून मी चष्मा काढून ठेवला. खिडकीबाहेर रोवनच्या झाडावर शेपटीला पिवळी कड असलेले ते पक्षी आले होते, फळं तोडून भांडत होते. मी त्यांच्याकडे बघत पुसत राहिले. हाताला सवय आहे, पान डाव्या हाताने दाबायचं, कोपऱ्यापासून सुरू करायचं, चुरा फुंकायचा, पान पालथं ठेवायचं. पुढचं घ्यायचं. दुपारपर्यंत चाळीस झाली.

मग चष्मा लावून गठ्ठा उलटला. एकतिसाव्या पानापर्यंत शाई होती. त्यानंतरची नऊ पानं कोरी होती.

लायल, ती नऊ पानं मी पुसली. शेवटच्या नऊ पानांना शाई लागायची आहे, पण ती कुठे ठेवलीत ते सापडत नाही असं मी तुला जानेवारीत लिहिलं, ते खोटं. मग सापडली असं लिहिलं, ते त्याहून खोटं.

मी काय-काय केलं ते सांगते, म्हणजे इथे येऊन तू ते पुन्हा करत बसणार नाहीस. पानं खिडकीत तिरकी धरली, दाबामुळे उमटलेली एखादी रेघ दिसेल म्हणून. तुला त्याचा हात आठवतो, पेन्सिल कागदावर टेकायचीच नाही. पस्तिसाव्या पानावर एक तिरकी रेघ आहे, ती जहाजाची शिडी असेल किंवा घराचं छप्पर. पन्नास वर्षं त्याच्यासोबत राहून मला ते सांगता येत नाही. खोडरबराचा चुरासुद्धा मी बरणीत भरून ठेवला होता. त्याचं काय करणार होते, मलाच माहीत नाही.

जानेवारीत त्याच्या कोटाच्या कपाटात एक तपकिरी पाकीट मिळालं. वाचनालयात जाऊन त्याने सगळ्या चाळीस पानांची झेरॉक्स काढून ठेवली होती. मी कपाटातच खाली बसले, इतका जीव हलका झाला. एकतीस पानं मोजली आणि पुढचं पान काढलं. पांढरं. त्यापुढचंही पांढरं. तो निळा यंत्राला दिसूच नये म्हणून तर बनवलेला असतो. मला हे माहीत होतं आणि तरी मी नऊच्या नऊ पानं उलटून पाहिली. घाईत होता, म्हणून तोही विसरला असावा. नाहीतर माझ्यासारखंच, माहीत असून.

वडील घरी कसे येतात, आल्यावर कोण दार उघडतं, ते आता कोणालाच माहीत नाही. मी त्याला कधी विचारलं नाही, कारण वाचायला मिळणारच होतं.

एवढंच असतं तरी मी तुला कसंतरी सांगितलं असतं. पण तुझ्या दुसऱ्या पत्रात तू विचारलंस, "आर्नी शेवटपर्यंत फुल्या मारायचा का? त्या नसतील तर काळं कुठे भरायचं ते मला कळायचं नाही." ते वाचून मी पत्र पालथं ठेवलं.

तू गेलास तेव्हापासून त्याने एकही फुली मारली नव्हती. स्वतःच शाई लावणारा स्वतःला कशाला खुणा करील? चौदा वर्षांत मी त्याची किती पानं पुसली असतील, फुली कुठे दिसली नाही. त्या सोमवारी एकदा चुरा फुंकायला वाकले तेव्हा मला निळ्या फुल्या दिसल्या. मोठ्या, चांगल्या ओळीने मारलेल्या. चष्मा नव्हता तरी दिसल्या. मला वाटलं, औषधांमुळे हात भरकटला असेल, आणि मी त्यांच्यावरून दोनदा खोडरबर फिरवलं, म्हणजे पान स्वच्छ दिसेल.

ती पानं तुझ्यासाठी होती. पेन्सिल झाली की त्याचं काम झालं आणि पुढचा हात तुझा, हे तुमचं जुनं ठरलेलं होतं. तो तसंच बोलला आणि मी ते माझ्यावर घेतलं. त्याने तुला फोन केला नाही, पत्र लिहिलं नाही. त्याला जमलं ते एवढंच होतं, आणि ते माझ्या हातून गेलं.

तू नवीन शेवट काढशील का, असं विचारायला मी दोनदा पेन उचललं. ते मला मागता येत नाही. एकतीस पानांवरच छापा, असं जोलीनला म्हणावं, तर शेवटच्या चौकटीत म्हातारा अजून जहाजावरच आहे, हातात टोपी, आणि पुढे काही नाही. शनिवारी येऊ नकोस असं मला लिहवत नाही. ये असं कुठल्या तोंडाने लिहू?

एक अजून राहिलं. जोलीनला वाटतं अर्ज आर्नीने पाठवला. तुलाही तसंच वाटत असेल. त्याने फक्त वरचं नाव-गाव भरून तो फ्रिजवर लावून ठेवला होता, शेवटची तारीख होती ४ डिसेंबर. पानं मी सोमवारी, तीन तारखेला पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज काढला, 'पूर्ण झालेली पाने' या ओळीपुढे त्याच्यासारखं अक्षर काढून चाळीस लिहिलं आणि चर्चमध्ये चालत जाऊन पेटीत टाकून आले.

तुझ्या मित्राची बायको, आणि अजून तुझी मैत्रीण म्हणवून घ्यायला धजत नसलेली,
हिल्मा