मटणाच्या रश्श्यात गूळ

कर्वेनगर, पुणे
रविवार

चि. रंगनाथ यास,

श्रीनिवासचे आशीर्वाद. (पत्र संपेपर्यंत ते टिकतील याची हमी देत नाही.) सौ. पूर्णिमा बरी असेल, तुझं पित्त आटोक्यात असेल, तुमच्या मांजरी गावात नळाला पाणी येत असेल, असं धरून चालतो. इकडचं वर्तमान असं की मला जबर धक्का बसला आहे. फोनच करणार होतो, पण आवाज चढला असता आणि तुझी बहीण शेजारच्या खोलीत झोपली आहे.

खुब्याच्या ऑपरेशनपासून पद्मजाची अन्नावरची वासनाच उडाली, हे तू पाहिलंच आहेस. मऊभात, सार, लापशी, सगळं दोन घासांत परत येई. परवा तिला उठवताना तिचं मनगट माझ्या मुठीत सैल फिरलं, तेव्हा मी खरंच घाबरलो रे. डॉक्टर (वय जेमतेम तिशी, पण बोलणं सदाशिव पेठेतलं) म्हणाले, मटण आणि भाज्या एकत्र शिजवून दाट रस्सा द्या. मी म्हणालो, आमच्याकडे चालत नाही. ते म्हणाले, "मग त्याही चालणार नाहीत." म्हणून ठरवलं, मटण करायचं आणि तिला फणस म्हणून खाऊ घालायचं.

कर्वेनगरात ओळखी फार, म्हणून वारज्याला गेलो. दुकानात हेल्मेट काढलं नाही. दुकानदाराने विचारलं, "काका, मांडी की खांदा?" हा प्रश्न मला आयुष्यात प्रथमच कोणी विचारत होतं. मी म्हणालो, "कोवळं बघून, निवडून द्या." त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या पिशवीकडे पाहिलं (कुणाच्या तरी मुंजीतली, वर गणपती छापलेला) आणि बिचाऱ्याने आपण होऊन काळी पिशवी दिली. स्वयंपाकघरात देवघर, तेव्हा शेगडी गॅलरीत नेली. नवा कुकर आणला. त्यात मटण, बटाटा, गाजर, फरसबी आणि लाल भोपळा घातला. पुढे हात सवयीने चालत गेला तो असा: गोडा मसाला, आमसूल, गुळाचा चांगला मोठा खडा, वर ओलं खोबरं. शिट्ट्या तुरीच्या डाळीला देतो तेवढ्याच दिल्या. झाकण काढलं तर भोपळा नाहीसा झालेला आणि मटण दुकानातून आलं होतं तसंच्या तसं. पुन्हा चढवलं, पुन्हा उतरवलं. शेवटी घरात भूक आणि गॅस यांपैकी काहीतरी संपेल म्हणून वाटी भरली.

"फणस आहे," मी म्हटलं. (ऐन थंडीत फणस कुठून आणलात, याचं उत्तर तयार नव्हतं.) तिने एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटून सावकाश चावला आणि म्हणाली, "अहो, हे मांडीचं आहे. रश्श्याला नळ्या घ्यायच्या असतात. आणि मटणात गूळ कोण घालतं?"

रंगनाथ, मी पलंगाच्या कडेला बसलो. चौकशीअंती निष्पन्न झालं ते असं. हडपसरच्या ट्रॅफिकला कंटाळून मी भाऊबीजेला तुमच्याकडे येत नाही, आणि ही दरवर्षी परत येऊन "पूर्णिमाने मसालेभात काय सुरेख केला होता" असं सांगते. तो मसालेभात चार पायांचा होता! आणि मला संशय येऊ नये म्हणून डब्यातून खराखुरा मसालेभात पाठवायची खबरदारी तू घेत होतास! मी तो डबा पुसून खात होतो आणि वर तुझं कौतुक करत होतो. तुला मी सज्जन समजत होतो.

याहून पुष्कळ लिहिणार होतो. पण बोलता बोलता तिने वाटी रिकामी केली. ऑपरेशननंतर प्रथमच या घरात तिची वाटी रिकामी झाली. मी ती घेऊन गॅलरीत गेलो आणि रडलो. त्यात तुझ्यावरचा राग जरा पातळ झाला आहे, गेलेला मात्र नाही.

तुझा संतप्त मेहुणा,
श्रीनिवास

ता. क. : पुढच्या रविवारी पूर्णिमाला घेऊन ये. नळ्या तूच आण, मला त्या दुकानात पुन्हा तोंड दाखवायचं नाही. (दाखवलेलं नाहीच, पण पिशवी ओळखतील.)

ता. क. दुसरा : चार माणसांचं धरून आण. मी आपल्या भाज्या तेवढ्या वेचून खाईन.

ता. क. तिसरा : रंगा, मी पद्मजा लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मी वाटी रिकामी केली हे खरं. पण दुसरी मागितली तेव्हा कुकर घासून ठेवल्यासारखा लख्ख होता. हे गॅलरीत रडत होते म्हणतात, ते खरंच असेल. मला चावण्याचाही आवाज आला. नळ्या जास्तच आण.