हॉर्नेट की सतरा नंबर

तात्यापारा, रायपूर
८ फेब्रुवारी २००७

प्रिय दिवाकर,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आधी कामाचं सांगते. चौबे कॉलोनीतले नरेशबाबू त्यांची ती परदेशातून आणलेली सतरा नंबरची रायफल आणि तिच्यासोबतची काडतुसं तुला द्यायला तयार आहेत. परवान्यावरची तुझी जुनी हॉर्नेट रायफल उतरवून नवी चढवायची परवानगीही कचेरीतून आली आहे. व्यवहार आपल्या बंदुकीच्या दुकानातून व्हायचा, म्हणून कागदावर माझी सही लागते. नरेशबाबू सोमवारी सकाळी येणार. सही करायची की नाही, यावर माझी दोन दिवस झोप उडाली आहे, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? हो ताई, हो ताई करतोस आणि ठेवून देतोस.

तू विचारलंस, ही नवी बारीक काडतुसं जुन्या हॉर्नेटला हद्दपार करतील का. दुकानदार म्हणून सांगते. सतरा नंबरची गोळी जाडीला मुगाच्या दाण्याएवढी. खांद्याला धक्का म्हणून नाही, आणि शंभर पावलांवर लिंबू ठेवलं तर लिंबालाच लागते. तिकडे परदेशात शेताची नासाडी करणारी जनावरं मारणारे लोक तिच्यावर भारी खूश आहेत म्हणे. पण वारा सुटला की हा मुगाचा दाणा कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि तुझ्या महानदीच्या काठावर वारा केव्हा नसतो? हॉर्नेट जुनी, जरा हट्टी, पण साठ-सत्तर वर्षं लोकांनी वापरून पाहिलेली. कोल्ह्यासाठी तिच्याहून चांगलं काही निघालं, असं मला अजून तरी दिसलं नाही. दर दहा वर्षांनी कोणीतरी नवीन काडतूस काढतो आणि जुन्याचं तेरावं घालायला निघतो. जुनं आपलं कपाटात शांत बसून असतं. काडतूस मरतं ते वाईट असल्यामुळे नाही, दुकानात मिळेनासं झाल्यामुळे.

आणि एक गोष्ट तू विसरून राहिलास. कायद्याने आता कोल्ह्याला हात लावता येत नाही. तुझा परवाना पीक राखायचा. म्हणजे हवेत बार काढायचा आणि जनावर पळवायचं. त्याला आवाज पाहिजे. हॉर्नेटचा बार दोन शेतं ओलांडून जातो. सतरा नंबरचा म्हणजे कोणी टाळी वाजवली. कोल्हा मान वर करून बघेल आणि पुन्हा तुझं टरबूज खायला लागेल. त्यामुळे तुझ्या कामाला ती रायफल फुकट दिली तरी महाग आहे, हे माझं धंद्याचं मत.

दुकानाचं म्हणशील तर बरं चाललंय. रायपूर राजधानी झाल्यापासून कोल्ह्यासाठी काडतूस मागणारं गिऱ्हाईक वर्षाला दोन-तीन. बाकी सगळे ठेकेदार, बिल्डर, आणि त्यांच्या गेटवर गार्ड उभे करणारे सिक्युरिटीवाले. तेलीबांध्याकडे गेलास तर ओळखणार नाहीस, तलावाच्या बाजूने नुसत्या काचेच्या इमारती. परवा एक पोट्टा येऊन म्हणाला, आंटी, दिखने में भारी कौनसी है? मी त्याला वजनाला सगळ्यात जड होती ती दाखवली. आमचा अभिनव म्हणतो, दुकान बंद कर, तिथे मोबाईलचं टाकू. मराठीत विचारलं तरी माझा लेक उत्तर हिंदीत देतो, त्यामुळे त्याच्याशी भांडणसुद्धा नीट होत नाही.

तुझे भाऊजी गेले तेव्हा मला काडतूस आणि टॉर्चचा सेल यांतला फरक कळत नव्हता. तू शेत सोडून चार महिने काउंटरवर माझ्याजवळ बसलास. डोळे मिटायला लावून हातात काडतूस द्यायचास आणि बोटांनी चाचपून नंबर सांग म्हणायचास. चुकले की खो खो हसायचास. लोक म्हणायचे, बाई कुठे बंदुकीचं दुकान चालवते का? तू म्हणायचास, बाईचं माहीत नाही, माझी ताई चालवते. ते मी विसरले नाही रे. आणि ती हॉर्नेट भाऊजींनी तुला उगीच दिली नव्हती. धाग्याला टांगलेला चिंचेचा आकडा तू पन्नास पावलांवरून उडवलास आणि धागा तसाच लोंबत राहिला. जुनी गिऱ्हाइकं अजून ती गोष्ट सांगतात. दर वेळी पावलं दहाने वाढलेली असतात, मी दुरुस्त करत नाही.

आता नीट ऐक. हॉर्नेटची काडतुसं मिळत नाहीत, कंपन्यांनी बंद केली, असं मी तुला दसऱ्याला सांगितलं ते खोटं होतं. कपाटात तुझ्या नावाची दोन खोकी पडून आहेत. नवीन काडतुसांनी जुन्यांचा बाजार उठवला, हेही मीच सांगितलं, आणि तुला खरं वाटावं म्हणून वर तो रंगीत कॅटलॉग पाठवला. मला वाटलं, चार दिवस चिडचिड करशील, मग रायफल भिंतीला टांगून गप्प बसशील. काय सांगू बाप्पा, साठी उलटली तरी मला माझा भाऊ कळला नाही. तू तो कॅटलॉग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास, आणि तोही भिंग धरून. तुझ्या बायकोने, विनीताने, मला फोनवर सांगितलं. मग सारं रायपूर धुंडाळून नवी रायफल शोधून काढलीस. म्हणजे ज्या गोष्टीपासून तुला लांब ठेवायला निघाले, तिच्याकडे मीच तुला बोट धरून नेलं. तुझं हे पत्र समोर आहे, दिवाकर. कागदावर रेघा आखलेल्या आहेत आणि तुझी एकही ओळ रेघेवर नाही. तिसऱ्या पानावर तर दोन ओळी एकमेकींवर चढल्या आहेत.

खोटं काहून बोलले, ते लिहिते आणि थांबते. भाद्रपदात धर्मपाल दुकानात आला होता. वीस वर्षं तुझं शेत राखतो, पण माझ्या दुकानाची पायरी तो कधी चढला नव्हता. त्याने बाही वर करून दंड दाखवला. गोळी मांस चाटून गेली होती. दिवस मावळत होता, तो मक्यात वाकून पाटाचं पाणी वळवत होता, आणि तू तीस पावलांवरून कोल्हा समजून बार काढलास. तुला तो म्हणाला, काटेरी तारेवर पडलो. तूच त्याला इंजेक्शन द्यायला आरंगला नेलंस आणि रस्ताभर झापलंस, डोळे कुठे असतात तुझे म्हणून. तो मान हलवून हव मालिक, हव मालिक करत राहिला. मी तर हवेतच मारतो, असं तू सगळ्यांना सांगतोस. तुझी हवा फार खाली आली आहे, दिवाकर. माझ्याकडे तो तक्रार घेऊन आला नव्हता. दीदी, भैयाला काडतूस देऊ नका आणि हे सांगूही नका, त्यांना सोसणार नाही, एवढंच म्हणाला आणि पाणीसुद्धा न घेता गेला. मी त्याचं ऐकलं, कारण मलाही तेच सोपं होतं. पाच महिने मला स्वतःची लाज वाटून राहिली. अंगुळभर इकडे गोळी लागली असती तर आज त्याच्या घरी काय असतं, हा विचार काउंटरवर बसल्या बसल्या येतो. सोमवारी मी सही करणार नाही, नरेशबाबूंना काय सांगायचं ते मी सांगेन. तू इकडे ये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी तुला घेऊन जाते. मोतीबिंदू असेल तर काढून टाकू, दुसरं काही निघालं तर तेही बघू. पण बंदूक आता हातात घ्यायची नाही, जुनी नाही की नवी नाही. रागाव, बोलू नको माझ्याशी, वाटेल ते कर. फक्त त्याआधी धर्मपालजवळ जाऊन बस. जुनी चार-दोन काडतुसं तुझ्याकडे उरली असतील अशी त्याला धास्ती आहे. तू पत्रात हसून लिहिलंस ना, म्हातारपणी त्याला काय रंग चढलाय कोण जाणे, दिवस कलला की शेतात मोठमोठ्याने गात फिरतो? अरे, इथे माणूस आहे हे तुला कळावं म्हणून गातो तो.

बोललास, नाही बोललास, तरी तुझीच,
प्रेमलाताई