लांब भोंगा

४ जानेवारी १९७२, मंगळ.
चीफ केमिस्टसाहेबांनी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बोलावलं. गंधकभट्टीचा धूर बाहेर पडला तर कोणी काय करायचं, ते लिहून द्यायचं. "बी.एस्सी. झालीस ना?"
पानभर लिहिलं. लांब भोंगा होताच ओलं फडकं नाकाला लावून, वाऱ्याला आडवं चालत शाळेच्या मैदानावर जमावे. कोणीही भट्टीकडे जाऊ नये.
आण्णांना वाचून दाखवलं. सगळी नोकरी त्याच भट्टीवर गेली त्यांची. "झ्याक लिवलंय."

१२ जाने., बुध.
रंगीत तालीम. लांब भोंगा झाला आणि अख्खी वसाहत बादल्या-कळश्या घेऊन कारखान्याकडे पळत सुटली. मैदानावर मी आणि एक शिपाई. सगळ्यांत पुढे आण्णा, जेवणावरून उठून, खरकट्या हातानं.
"आगं, लांब भोंगा म्हंजी गंजी पेटली. मानसं आत असताना घरी बसायचं व्हय?"
साहेब हसले. चिपाडाच्या गंजीला आग लागली की लहानपणी मीही कळशी घेऊन पळाले आहे. लिहिताना आठवलं कसं नाही?

१३ जाने., गुरु.
धुरासाठी वेगळा आवाज हवा, म्हटलं. मॅनेजरसाहेब : "भोंगा एकच आहे, बाई." मी म्हटलं, शाळेतल्या घंटेसारखा रुळाचा तुकडा टांगू या. आणि भट्टीवर धूर अडवणारे दोन मुखवटे. "बघू."

२१ जाने., शुक्र.
सकाळी भट्टीच्या नळाचा सांधा सुटला. लांब भोंगा. पुन्हा सगळे कारखान्याकडेच. आण्णांची आज सुट्टी. मी दारात आडवी उभी राहिले.
"हो बाजूला. सय्यद हाय आत."
सय्यदचाचा, आण्णांचे भट्टीवरचे जोडीदार. मी पास झाले तेव्हा वसाहतभर पेढे वाटणारे.
आण्णांनी मला ढकललं नाही. मीच सरकले.
आण्णा ओला पंचा तोंडाला बांधून आत गेले, चाचांना ओढत बाहेर आणलं. चाचा श्रीरामपूरला दवाखान्यात. आण्णा अजून खोकतायत.

२५ जाने., मंगळ.
रूळ टांगला. आण्णांनीच. आई नि मी घरोघर सांगून आलो : भोंग्याला पळत या, घंटेला लांब जा. मुखवटे "मागवलेत".
चाचा उठून बसले म्हणे. आवाज फुटत नाही.
आण्णा म्हणाले, "ती 'भट्टीकडं जाऊ नये'ची वळ खोड. तुझं ऐकलं आसतं तर सय्यद न्हवता."
"आणि तुम्ही दोघंही आत राहिला असता तर?"


२७ जाने., गुरु.
आण्णा पहिल्या पाळीला गेले. डब्याच्या पिशवीत पंचा ठेवताना पाहिलं. भिजवलेला.
ओळ अजून खोडली नाही.
वारा वसाहतीकडे आहे.