एका ओळीत मोडायचं पोलाद

चाचणी-खोली, दुपारचा एक

तीर्थरूप अक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पाठीने परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे; उरलेला मनाने समजून घे.) गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र कानात असतं की अजून कपाटातच? कपाटातच असणार, म्हणून फोन न करता लिहितो आहे. इकडे सगळं क्षेम. एवढंच की आज चार वाजता इथून एक ट्रक सुटेल, आणि त्यातले चाळीस हुक माझ्यामुळे कधीतरी कुणाच्या डोक्यावर पडतील.

इथल्या कारखान्यातल्या चाचणीवाल्याचा हात मोडला म्हणून तुझ्या चिरंजीवांनी मला, निवृत्त माणसाला, आठ दिवसांसाठी परत बोलावलं, हे तुला ठाऊक आहेच. मॅनेजर नको म्हणत होते (म्हाताऱ्याचं लक्ष नसतं म्हणे), पण भाच्याने मामासाठी शब्द टाकला. हुक क्रेनचे आहेत, मासळी गोठवणाऱ्या गोदामासाठी. तिथे उणे वीस अंशांची थंडी, आणि हुकाखाली माणसांची ये-जा. आता पोलादाचा स्वभाव असा, की हळूहळू ओढलंस तर ते ताणलं जातं, वाकतं, निमूट सोसतं. पण थंडीत एकदम दणका दिलास तर पाटीवरच्या पेन्सिलीसारखे दोन तुकडे. (आपले अण्णा आठव. गार पाण्याची आंघोळ करून आले की त्यांच्याशी एकदम बोलायची सोय नव्हती.) म्हणून आम्ही हुकांच्याच पोलादाची बोटाएवढी कांडी घेतो, मधोमध खाच पाडतो, उणे वीसच्या स्पिरिटमध्ये दहा मिनिटं बुडवतो, चिमट्याने उचलून ठोकळ्यावर ठेवतो आणि लंबकासारखा भला मोठा हातोडा तिच्यावर सोडतो. मोडता मोडता कांडीने हातोड्याचा जितका जोर खाल्ला, तितका काटा दाखवतो. सत्तावीसच्या वर पास, खाली नापास. अट एकच: बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत घाव बसला पाहिजे. नाहीतर कांडी ऊब धरते आणि खोटं शौर्य दाखवते.

ते पाच सेकंद मी तीस वर्षांत कधी घड्याळावर मोजले नाहीत. तिसरीत तू आमच्या वर्गाची बाई असताना माझ्याकडून घोकून घेतलेली ओळ मनात म्हणायचो, ‘ये ढगा, ये अंगणी, घे ओंजळीचे पाणी’. ओळ संपली की घाव. एकदाही चुकलो नाही, कारण पुढचं काही आठवतच नव्हतं. आणि अक्का, गेल्या महिन्यात तू अख्खं कडवं लिहून पाठवलंस! (मीच मागितलं होतं, कबूल. पण द्यायलाच हवं होतं का?)

परवा पहिली कांडी चिमट्यात उचलली आणि ओळीमागून ओळ आपोआप येत गेली. शाळेचा पत्रा, खिडकीतला तो एकुलता एक ढग, खडूचा वास, तुझा रूळ... चारही ओळी संपल्या तेव्हा मी हातोडा सोडला. काटा एक्केचाळीसवर! तिन्ही कांड्यांचं तेच. भाचा हरखून म्हणाला, “मामा, हाताला यश आहे हो तुमच्या!” आणि त्याने अहवालावर सही ठोकली. मी घरी जाताना शीळ घालत होतो.

काल संध्याकाळी तुझ्या भावजयीला तेच कडवं ऐकवत होतो. ती म्हणाली, “ढग येईल तेव्हा येईल, चहाचं गार पाणी झालं.” कप हातात तसाच राहिला. कडवं होईपर्यंत चहा गार होतो, तर तेवढ्या वेळात गारठलेली कांडी काय करत असेल?

आज सकाळी ड्रॉवरमधल्या तीन जादा कांड्यांतली एक बुडवली. एकच ओळ म्हटली आणि जीभ चावून हातोडा सोडला. खळ्! कांडी मध्ये होती याचा हातोड्याला पत्ताही लागला नाही. काटा नऊवर. एवढ्यात भाचा दारात. “मामा, आवाज कसला?” मी म्हणालो, “काही नाही रे, रिकामाच सोडून पाहिला.” (साठ वर्षांत तुझ्या घरच्या माणसाशी मी पहिल्यांदा खोटं बोललो. लाडू धरले तर दुसऱ्यांदा.) त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि गेला. बाहेर हुकांच्या खोक्यांना खिळे ठोकताहेत. एकेक ठोका मोजतो आहे, आणि या वेळी एकही ओळ आठवत नाही.

तुझा,
कान पिळायच्या वयापलीकडे गेलेला भाऊ

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. पत्र मिळताच चिरंजीवांना फोन कर आणि सांग, मामा चुकला, ट्रक थांबव. तुझ्यापुढे तो बोलत नाही, फक्त ऐकतो. माझ्याच्याने होत नाही गं. त्याने शब्द टाकला होता माझ्यासाठी.

ता. क. दुसरा – पाकिटाला डिंक लावताना लक्षात आलं, पत्राला तीन दिवस लागतात आणि ट्रकला दोन तास उरलेत. जातो. आशीर्वाद दे.

ता. क. तिसरा – जाऊन आलो. ऊब धरायच्या आत, एका दमात, कडव्यासकट सगळं बोललो. तो रागावला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, उरलेल्या दोन कांड्या माझ्यासमोर मोडा. सात आणि दहा. ट्रक फाटकातून परत फिरवला, मॅनेजरसमोर स्वतःच्या सहीवर स्वतः काट मारली. हुक पुन्हा भट्टीत जातील. मॅनेजर म्हाताऱ्यांविषयी बोलायला लागले, तर तुझा लेक म्हणाला, “घोळ मामांनी घातला, आणि पकडलाही मामांनीच.” मग माझ्या गळ्यात सेकंदकाट्याचं घड्याळ अडकवलं. सोमवारी नव्या कांड्या मीच मोडायच्या आहेत.

तेव्हा दुसरं कडवं पाठवणार होतीस, ते कृपा करून मला पाठवू नकोस. भाच्याला पाठव. निघताना त्याने हळूच विचारलं, “मामा, त्या ढगाने शेवटी पाणी घेतलं का हो?” त्याला वाचू दे. तो घड्याळ लावून वाचेल.