फवारणीची नोटीस

४ मार्च, सकाळ.
आजपासून बिल्डिंगच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. आधीचा भांडणांना कंटाळून सोडून गेला. मी कंटाळणारा माणूस नाही. धोरण ठरलं: प्रत्येकाला बोलायचं स्वातंत्र्य आणि द्वेषाला थारा नाही. दोन्ही एकदम. लोक समजतात तेवढं अवघड नाही हे.

५ मार्च.
रविवारच्या झुरळांच्या फवारणीची नोटीस टाकली. शेजारच्या रिटायर्ड बँकवाल्या काकांनी खाली लिहिलं, दुसऱ्या मजल्यावर बाहेरून आलेत त्यांच्यावरही एक हात मारून घ्या. दुसऱ्या मजल्यावर टेलरबाई राहतात, नवरा आणि शाळकरी मुलगी. मी दात काढून हसणारा इमोजी दिला. पटलं म्हणून नव्हे. काकांचं दार आमच्या दारासमोर आहे.
लगेच 'टेलरबाई टाइप करत आहेत' असं दिसायला लागलं. आता जुंपणार! ताबडतोब सेटिंग बदललं: मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकणार. वेळीच आवरलं. अ‍ॅडमिन असावा तर असा.

६ मार्च.
ग्रुप एकदम शांत. बायको म्हणाली, शांत कसला, उघडला की सगळ्यात खाली काकांचं तेच वाक्य आणि त्याला चिकटलेले तुमचे दात. काढून टाका म्हणाली. समजावलं, दुसऱ्याचं मत पुसणं ही सेन्सॉरशिप. मग ग्रुप उघडा, बाईंना बोलू द्या म्हणाली. समजावलं, त्याने तेढ वाढेल. मग निदान स्वतःचे दात तरी काढा म्हणाली. ते काढले तर काकांना कळेल. हे समजावलं नाही.

८ मार्च.
समतोल साधायला समिती नेमली. मी आणि काका. काकांना अनुभव आहे. काका म्हणाले, गंमत होती हो, हल्ली लोकांना गंमतच कळत नाही. मी माझं मत राखून ठेवलं.
पँट टेलरबाईंकडे कंबर सैल करायला दिली आहे. आणायला जायचं होतं. उद्या.

१० मार्च.
जुन्या पँटचं बटण तुटलं. ऑफिसात दिवसभर फाइल पोटाशी धरून वावरलो. संध्याकाळी जिन्यात टेलरबाईंची चाहूल लागली म्हणून मीटरच्या पेटीत तोंड घालून उभा राहिलो. त्या नमस्कार म्हणाल्या. मी रीडिंग घेत असल्याचं सांगितलं. आपलं काही चुकलेलं नाही, मग लपलो कशाला? प्रश्न सोडून दिला.

१२ मार्च.
खाली पोरं खेळत होती. टेलरबाईंची मुलगी आली की सगळी 'फुस्स' करत खोट्या पंपाने तिच्यावर फवारतात. ती आधी हसली. मग दप्तर तोंडापुढे धरून वर पळाली. मी गॅलरीत होतो. ओरडायला तोंड उघडलंही होतं. पण त्यात काकांचा नातू दिसला.
जेवण गेलं नाही. लाज वाटते. रात्री ग्रुपसाठी आचारसंहिता लिहायला बसलो. 'द्वेष म्हणजे' इथवर झाली.

१५ मार्च.
ठरलं. उद्या वाक्य काढणार, ग्रुप उघडणार, बाईंची माफी मागणार. काकांना काय वाटायचं ते वाटो.

१६ मार्च.
सकाळीच काका चहाला घेऊन गेले. उद्या.

१८ मार्च.
खाली टेम्पो. शिलाई मशीन चढवत होते. टेलरबाईंनी पँट हातात दिली. मी म्हणालो, असं अचानक? म्हणाल्या, मुलगी खाली खेळायला जायला तयारच होत नाही.
राहवलं नाही. त्या दिवशी काय लिहीत होतात, विचारलं. बाई हसल्या. काही नाही हो, म्हणाल्या, काकांना लिहीत होते की सुरुवात तुमच्यापासून करू, उंची कमी करायला दिलेल्या तुमच्या पँटच्या खिशात झुरळ निघालंय. सगळे हसले असते, काकासुद्धा, आणि विषय तिथेच मिटला असता.
मी 'हो ना' म्हणालो.

१९ मार्च.
वाक्य काढलं. दातही काढले. ग्रुप सर्वांसाठी खुला केला. माफीचा मेसेज लिहिला, चांगला झाला होता. पाठवणार तोच दिसलं, टेलरबाईंनी ग्रुप सोडला आहे. आता पाठवायचा कुणाला?
पँट कंबरेला अगदी बरोबर बसली. तरी दिवसभर काहीतरी आवळत होतं.
ग्रुपवर पहिला मेसेज काकांचा. फुलांचं चित्र आणि खाली, आता कसं मोकळं वाटतंय.
मी अंगठा दिला.